बिनचाकी गाडीची निरवानिरव

श्री.

सन १३३६ फसली, माहे बहमन. शके १८४८, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. मौजे उंबरमाळ, तालुका पाटोदा, जिल्हा बीड, इलाखा सरकार निजाम.

मी बंकट वल्द भुजंगा, वय सत्तरीच्या पुढेमागे, धंदा घाटातली बैलगाडी, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. लिहितो म्हणजे मी सांगतो आणि आमच्या गावचे राधाकिशन, ज्यांचं अक्षर तहसिलीत चालतं, ते लिहितात. माझी अक्कल शाबूत आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही की शिंदी पाजलेली नाही. डोळे अधू झाले आहेत आणि उजवा गुडघा कामातून गेला आहे, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही. राधाकिशन म्हणतात, हे वाक्य गाळू. मी म्हटलं, राहू द्या, तहसीलदारसाहेबांना वाचताना तेवढाच विरंगुळा.

माझ्यामागे दोनच माणसं आहेत. एक सून छबुबाई. माझा एकुलता मुलगा गहिनीनाथ मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, त्याची बायको. दुसरा पुतण्या सुग्रीव, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. हे लिहीत असताना छबुबाई दाराआड बसली आहे आणि सुग्रीव ओट्यावर. दोघांचेही कान इकडेच आहेत. बरंच झालं, मागाहून कोणाला वाचून दाखवायला नको.

कलम पहिलं. माळाखालचं रान आणि विहिरीवरची माझी पाण्याची पाळी सुग्रीवची. तो ते रान कसतो, मनापासून कसतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बांधावरच्या आंब्याचे आंबे मात्र दोन्ही घरांनी वाटून खावेत. त्यावरून भांडण झालं तर झाड तोडून त्याच्या फळ्या उत्तरेश्वर सुताराला द्याव्यात, म्हणजे दोघंही गप्प बसतील.

कलम दुसरं. घराची पुढची पडवी आणि माजघर सुग्रीवचं. उगवतीकडची खोली, तिच्यासमोरचं अंगण आणि गोठा छबुबाईचा. गोठा छबुबाईचा, हे राधाकिशननी पुन्हा एकदा ठळक लिहावं. खरा तंटा तिथंच आहे.

कलम तिसरं. लाख्या आणि हरण्या ही माझी लाल कंधारी बैलजोडी, जू, कासरे, मागचा दोर आणि गाव जिला घसरी म्हणतं ती बिनचाकी गाडी, हे सगळं मी छबुबाईच्या नावे करतो. माझ्यानंतर हे तिला कोणी विकायला लावू नये, मागू नये, आणि गोठ्यातून सोडून नेऊ नये.

सुग्रीवचा बेत मला ठाऊक आहे. बीडच्या सडकेचं काम घेतलेल्या गुत्तेदाराला दगड वाहायला जोडी हवी आहे, आणि सुग्रीव त्याला शब्द देऊन बसला आहे. परवा मला म्हणाला, "आप्पा, आता सडक व्हनार, मोटार येनार हाय. ह्यो लाकडाचा सांगाडा कावून संभाळायचा?" मी म्हटलं, मोटार आली की तिला नमस्कार करू. पण ती आमच्या घाटात येईपर्यंत ज्या बाया बाळंतपणात अडतील त्यांनी काय करायचं? त्यावर तो म्हणाला, "लोकं बाजंवर न्हेत नव्हते का?" नेत होते. किती जणी खाली जिवंत पोचत होत्या ते त्याला माहीत नाही, तो तेव्हा लहान होता. म्हणून हे जरा सविस्तर लिहवतो.

आमचं गाव घाटाच्या माथ्यावर आणि सुईण बायडाबाई पायथ्याच्या वाडीत. तिच्या हाताला यश आहे, पण तिला घाट चढवत नाही. पूर्वी तिची आई सुईण होती, तिलाही चढवत नव्हता. तेव्हा अडलेली बाई खाली न्यायची, हीच रीत. माझी बायको चतुराबाई दुसऱ्या खेपेला अडली तेव्हा मी तिला माझ्याच चाकाच्या गाडीत घातलं. मोठ्या दिमाखात घातलं, कारण माझ्याइतका घाट उतरवणारा दुसरा गाडीवान या बाजूला नव्हता. घाटातली वाट म्हणजे नुसते दगड. चाक दगडावर चढतं आणि धाडकन खाली येतं, आणि सगळं ओझं बैलांच्या मानेवर. चतुरा एकदाच म्हणाली, "हळू हाका." मी हळूच हाकत होतो. पिंपरणीच्या वळणापर्यंत ती कण्हत होती आणि वळणाच्या पुढे कण्हणं थांबलं. गहिनीनाथ तेव्हा दुधाचे दात पडण्याच्या वयाचा होता. याबद्दल मी आजवर फारसं बोललो नाही. मला ती फार आवडत होती, हे या कागदावर असू द्यावं.

त्यानंतर काही वर्षांनी मी नारायणगडच्या जत्रेला गेलो होतो. तिथं एक पेटीवाला आला होता. पेटीला डोळा लावायचा आणि आत देशोदेशीच्या तसबिरी बघायच्या. बाकीचे लोक राजेमहाराजे आणि गोऱ्या मडमा बघून हसत होते. माझ्या डोळ्यासमोर मात्र एक तसबीर आली आणि मी तिथून हललो नाही. उभा चढ, त्यावर बारक्या गोट्यांची फरसबंदी, त्यावर दोन बैल, आणि बैलांमागे गादी-पडद्यांची गाडी. आत टोपी घातलेली एक मडम, मांडीवर हात ठेवून, देवघरात बसावी तशी निवांत. बाजूला लांब काठी घेतलेला माणूस. आणि गाडीला चाकं नाहीत. खाली दोन लांब लाकडं, पुढं वाकवलेली, तीच जमिनीवरून घसरत होती. पेटीवाला ओरडत होता, "देखो पाटील, दर्या के बीच में पहाड, पहाड पे बैलां, बैलां के पिच्छे गाडी, गाडी कू चाक नहीं!" मी काही पाटील नाही, पण त्या दिवशी ऐकून घेतलं.

त्या मडमेचं निवांत बसणं माझ्या डोळ्यापुढून जाईना. मागं लोकांची रांग लागली, पेटीवाला चिडला. शेवटी मी अंगावरची नवी घोंगडी काढून त्याच्यापुढे टाकली आणि ती तसबीर मागितली. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि घोंगडी आधी उचलली. ऐन थंडीत मी उघड्या अंगाने घरी आलो. भावाने विचारलं, घोंगडी कुठाय, तर मी तसबीर दाखवली. तो पुढचे चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

गावात त्या तसबिरीवर भरपूर चर्चा झाली. त्या बैलांना वशिंडच नव्हतं, त्यामुळे काहीजण म्हणाले ह्या म्हशी आहेत. समुद्र मी पाहिलेला नाही. तसबिरीत तो नांगरलेल्या काळ्या रानासारखा दिसतो, आणि सिदू गुरव अजूनही ते रानच आहे असं धरून चालतो. उत्तरेश्वर सुताराला मी म्हटलं, मला अशी गाडी करून दे. तो म्हणाला, "चाकच न्हाई तर सुताराकडं कशाला आलास बे? कुंभाराकडं जा." महिनाभर त्याने दाद दिली नाही. मग एक दिवस स्वतःच तसबीर मागून नेली आणि बाभळीची दोन वाकडी खोडं घेऊन बसला. गाडी झाली. ओबडधोबड झाली, पण झाली.

आता आमची चूक. तसबिरीतला दुसरा एक माणूस हातात तेलकट चिंधी घेऊन गाडीपाशी वाकला होता, म्हणजे लाकडांना तेल लावायचं हे आम्हाला कळलं. पण तसबीर हलत नाही. तिच्यातली गाडी घाट चढते आहे की उतरते आहे, हे तिच्यावरून कळायला मार्ग नव्हता. आम्ही घाटमाथ्यावरचे लोक, आमची अडलेली माणसं नेहमी खाली जायची, म्हणून आम्ही गृहीत धरलं की ती उतरते आहे. उत्तरेश्वरने दोन्ही लाकडांना भरपूर एरंडेल चोपडलं. ओझं म्हणून ज्वारीची पोती घातली आणि पोत्यांवर सुग्रीवला बसवलं. तो तेव्हा मिसरूड फुटलेला गडी, अंगावर लग्नाचं नवं धोतर. पहिल्याच उताराला गाडी सुटली ती बैलांच्या मागच्या पायांवर गेली. बैल शहाणे, बाजूला झाले, जू मोडलं. गाडी, पोती आणि सुग्रीव तिघंही निवडुंगाच्या बेटात. संध्याकाळपर्यंत त्याच्या पाठीतले काटे काढत होतो, आणि काढणारेही हसत होते. तेव्हापासून गावात त्याला निवडुंग्या म्हणतात. घसरीवर त्याचा राग आहे तो तिथून. राग रास्त आहे. मी त्या वेळी हसायला नको होतं, पण आजही आठवलं की हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

मग हळूहळू रीत बसली. उतरताना लाकूड कोरडं ठेवायचं, मागच्या बाजूला दोर बांधून दोन माणसांनी पाय रोवत यायचं. चढताना मात्र तेलाची चिंधी घेऊन एकाने बाजूने चालायचं आणि जिथं लाकूड अडेल तिथं खाली सारायची. गाडीत कडबा, कडब्यावर गोधड्या. दगडावर दणका बसत नाही, नुसतं सरकल्यासारखं वाटतं. पहिली बाई खाली पोचली तेव्हा बायडाबाईने विचारलं, "काय गं, झोप लागलती का?" तिला खरंच डुलकी लागली होती. मी पिंपरणीच्या वळणावर परत आलो आणि बराच वेळ बसून राहिलो. पुढे बायडाबाईलाही आम्ही तिच्यातून वर आणू लागलो. माळावरच्या वाड्यावस्त्यांवरून बोलावणी येतात. आम्ही कोणाकडून भाडं घेत नाही, बैलांना एक वेळची पेंड घेतो.

गहिनीनाथ गेला आणि पुढच्या साली माझा गुडघा गेला. जोडीपुढे कोण चालणार हा प्रश्न आला. सुग्रीवने एक खेप केली. त्याच्या हातात टोकाला खिळा लावलेली पराणी, आणि लाख्याला पराणी खपत नाही. घाटाच्या तोंडाशीच तो बसला तो उठेना. तेव्हा छबुबाई गोठ्यातून येते तशी आली, पराणीकडे बघितलं, आणि बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली. लाख्या उठला. दोन्ही बैल तिच्या पाठोपाठ घाट उतरले. रोज वैरण घालणारं माणूस पुढे चालत असेल तर बैल दुसरीकडे बघत नाही, एवढंच त्यातलं कारण.

पण गाव गावासारखं वागलं. बाळंतिणीच्या पुढे विधवा चालते म्हणजे काय, असा बोभाटा झाला. लोक मला गाठून सांगू लागले. सगळ्यात पुढे पाटलांच्या विमलबाई. त्या म्हणाल्या, "पांढऱ्या कपाळाची बाई म्होरं चालली तर त्या लेकराचं काय व्हईल?" मी म्हटलं, वहिनी, गाडीतल्या बाईला छबुची पाठ दिसते, कपाळ फक्त वाटेला दिसतं. त्यांना ते पटलं नाही. सुग्रीवने ही गोष्ट बरोबर उचलली. गावालाच नको आहे तर घसरी ठेवायची कशाला, असं तो तेव्हापासून म्हणतो.

मग विमलबाईंची लेक भामा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. पाटलांचा गडी धावत आला. छबुबाईने जोडी जुंपली आणि त्यांच्या दारात गेली. भामाला गाडीत निजवलं. विमलबाई छबुला म्हणाल्या, "छबे, पदर तोंडावर घी आन मंग चाल." छबुबाई म्हणाली, "काकू, तोंड झाकलं तर मला वाट दिसंना आन बैलास्नी मी दिसंना. सांगा काय करू." तेवढ्यात गाडीतून भामाच ओरडली, "आई, तू गप ना. वैनी, चल तू." छबुबाई उघड्या तोंडाने चालली. भामा सुखरूप सुटली, मुलगा झाला, त्याचं नाव अर्जुन. पाटलांच्या घरून गावभर साखर वाटली गेली, आमच्या घरी आली नाही. मी दारात वाट बघत बसलो होतो, मला गोड आवडतं. छबुबाई आत जाऊन खूप रडली. तिने दुसऱ्या दिवशी तीच जोडी दुसऱ्या वाडीला नेली.

म्हणून कलम चौथं. विमलबाईंना माझ्याकडून माफी. त्यांनी ती मागितलेली नाही, तरी ठेवून घ्यावी.

कलम पाचवं. छबुबाईने कोणाच्या सांगण्यावरून तोंड झाकू नये. जो तोंड झाकायला सांगेल त्याच्याही घरची बाई तिने न्यावीच, पण उघड्या तोंडाने न्यावी. तिला पाट लावून दुसरं घर करावंसं वाटलं तर तिने खुशाल करावं. तिचं वय अजून फार झालेलं नाही आणि मी तिला बापासारखं सांगतो आहे. पाट लावला म्हणून जोडीवरचा तिचा हक्क जात नाही.

कलम सहावं. तसबीर उत्तरेश्वर सुताराला. त्याने दर सालाला घसरीची लाकडं तपासावीत, झिजली असतील तर नवी घालावीत. तो अजून म्हणतो की मागे दोन बारीक चाकं लावली तर बरं. लावू नयेत. माझं चांदीचं कडं छबुबाईला. पराणी कोणालाच नाही, तिच्या लाकडावर माझ्या दहाव्याचा चहा करावा.

कलम सातवं. मी मेलो त्या दिवशी कुठून बोलावणं आलं तर मला अंगणात तसाच ठेवावा आणि आधी जोडी जुंपावी. छबुबाईने माझ्यापाशी बसून राहू नये. रडायचं असेल तर वाटेत चालता चालता रडावं. माझं उरकायला संध्याकाळ झाली तरी चालेल, मला कुठं जायची घाई असणार आहे?

इथपर्यंत लिहून झालं आणि सह्या करणार, एवढ्यात धनगरवाडीचा माणूस आला. त्याच्या भावजयीच्या पोटात सकाळपासून कळा, मूल आडवं आहे. छबुबाई दाराआडून उठून सरळ गोठ्यात गेली. साक्षीला बसलेला उत्तरेश्वर दोर घ्यायला उठला. दोराला दुसरा माणूस म्हणजे सिदू गुरव, आणि तो आज घाटनांदूरला लेकीकडे गेलेला. धनगरवाडीचा माणूस बायडाबाईला सांगायला पुढे घाट उतरून गेला होता, आणि वाडीतले बाकीचे गडी मेंढरं घेऊन लांब गेलेले. दोर एकट्याला धरवत नाही, हे या ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. मला उठवेना. राधाकिशन कागद धरून बसले, त्यांच्या हातात लेखणीशिवाय काही धरलं जात नाही आणि ते तसं कबूल करतात. सुग्रीव खाली मान घालून जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार, आत्ताच सगळी जोडी त्याच्या हातून काढून घेतली होती. छबुबाईनेही त्याच्याकडे बघितलं नाही. जोडी अंगणातून बाहेर पडली, वळणाआड गेली. मला वाटलं, हे सगळे कागद आता चुलीत घालावेत, कारण माझ्यामागे हेच होणार.

तेवढ्यात सुग्रीव उठला. काडी टाकली, पायतण तिथंच ठेवलं आणि वळणाकडे पळत गेला.

आम्ही दोघं म्हातारे बसून राहिलो. दिवस कलायला आला तेव्हा ती सगळी परत आली. मुलगी झाली, दोघी खाली बायडाबाईपाशी आहेत, बऱ्या आहेत. छबुबाई बैलांना पाणी दाखवायला गेली. सुग्रीव ओट्याच्या कडेला येऊन बसला. त्याचे दोन्ही तळहात सोलवटलेले होते. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "आप्पा, दोर जुना झालाय. पुढच्या खेपंला तुटल. नवा घ्यावा लागल, अंबाडीचा." मग पायतण जवळ ओढत म्हणाला, "गुत्तेदाराला मी सांगतो काय ते."

राधाकिशन विचारतात, आता काही बदलायचं का? बदलायचं काही नाही. एक कलम वाढवायचं आहे.

कलम आठवं. कलम तिसऱ्यात मागचा दोर छबुबाईच्या नावे लिहिला आहे, तेवढा तिथून कमी करावा. दोर सुग्रीवचा. तो त्याने धरावा आणि त्याच्यानंतर कोणी धरायचा ते त्यानेच ठरवावं.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे.

निशाणी डावा अंगठा, बंकट वल्द भुजंगा.

साक्ष: उत्तरेश्वर सुतार, राहणार उंबरमाळ. सही स्वतःची. चाकाबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

साक्ष: सुंदरराव पाटील, राहणार उंबरमाळ. दिवेलागणीला येऊन सही केली. घरातून साखर पाठवली आहे.

ऐकून कबूल: निशाणी डावा अंगठा, छबुबाई, मयत गहिनीनाथ यांची बायको.

ऐकून कबूल: निशाणी डावा अंगठा, सुग्रीव, बंकट यांचा पुतण्या. दोराने साल गेल्यामुळे अंगठ्याच्या रेघा कागदावर उठल्या नाहीत. माणूस तोच आहे, मी राधाकिशन ओळखतो.

लिहिणार राधाकिशन. मुक्काम उंबरमाळ, तारीख वर लिहिल्याप्रमाणे.